पन्नास पावलांचा व्हरांडा

वाशीत कांदा-बटाट्याचं नवं मार्केट उभं राहत होतं, तेव्हा मी तिथं गाळ्यांवरचे बोर्ड लिहायला आलो. गाव परभणीकडचं. बायको आणि मुलगी तिकडेच. एका दुपारी शिडीवर होतो, खालून एका बाईंनी विचारलं, "पेंटर, अक्षर कुठं शिकलात?"

"वस्तादाकडं. आमच्याकडं एकच आहे."

त्या बाई म्हणजे जवळच नव्यानं निघालेल्या, विद्यापीठाला जोडलेल्या कॉलेजातल्या कमर्शियल आर्ट विभागाच्या प्रमुख. अक्षरलेखनाला त्यांना माणूस मिळत नव्हता. मी आधीच सांगून टाकलं, "मॅडम, मी सातवीत शाळा सोडलेला माणूस आहे." त्या म्हणाल्या, "मी शाळेचं नाही, अक्षराचं विचारलं." एका वर्षासाठी, तात्पुरता म्हणून घेतलं. त्यांचे उपकार मी आजही मोजत नाही. मोजून संपतील अशी भीती वाटते.

पहिले काही महिने मी वर्गात शिरायच्या आधी दाराबाहेर थांबून हात पुसायचो. हाताला रंग नसायचा, तरी पुसायचो. मुलं मुंबईची, दादर-चेंबूरकडून बसनं खाडी ओलांडून येणारी. त्यांच्या बोलण्यातले निम्मे शब्द मला कळायचे नाहीत. त्यांच्याकडे परदेशी पेनं, गुळगुळीत कागद, आणि जाड जाड पुस्तकं. मला काय येत होतं? सुताला खडू लावून रेघ मारणं, कुंचला ओला ठेवणं आणि मागं मागं चालणं.

मागं चालणं म्हणजे असं. बोर्ड लिहून झाला की वस्ताद मला शिडीवरून उतरवायचे आणि रस्त्यापलीकडं उभं करायचे. "जवळून काय बघतोस, लेका? गिऱ्हाईक काय शिडीवर चढून वाचणारंय?" मग एकेक पाऊल मागं. कुठंतरी अक्षर मोडतं. 'ब'च्या पोटातली रेघ बुजते, त्याचा 'व' दिसायला लागतो. तिथं थांबायचं. तेवढीच त्या अक्षराची कमाई.

दुसऱ्या सहामाहीत मी मुलांना बसथांब्याची पाटी करायला दिली. सगळ्यांना एकच शब्द, एकाच उंचीत: बोनकोडे. मी त्या गावात खोली घेऊन राहत होतो. तेव्हा तिकडं सगळीकडं भराव टाकलेली सपाट जमीन, ओळखीची खूण म्हणून काही नाही. बसमधून ती पाटी दिसली नाही तर मी पुढंच जायचो. दोनदा गेलोही होतो.

पाट्या आल्या. मी एकेक कागद व्हरांड्याच्या टोकाला टाचायचो आणि उलटा चालत जायचो. व्हरांडा छप्पन पावलांचा. मार्क पन्नासपैकी, जितकी पावलं तितके. वरची सहा पावलं मी सोडून दिली. अक्षर मोडलं की कागदामागं पेन्सिलीनं आकडा.

"सर, माझं पंधरातच मेलं?" वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी म्हणाली. तिचं काम हातात धरून बघावं इतकं देखणं होतं.

"हातात धरायला छान आहे, बाळा. बसवाल्याला नाही दिसत."

"सर, मग बसवाल्याचीच परीक्षा घ्या ना!" मागून कोणीतरी ओरडलं. मीही हसलो. घरमालकीण मला गल्लीत तसाच चालताना बघून म्हणाली होती, "मास्तर, घर पुढं हाय. मागं काय शोधतंस?"

वर्षअखेरीला बाहेरचे परीक्षक येणार होते. माझं काम बघून ते लिहितील, त्यावर पुढच्या वर्षीचं ठरेल, असं मॅडमनी सांगितलं. घरून बायकोचं पत्र आलेलं: जूनला पोरीचं नाव इथंच चौथीत घालू की तिकडं आणताय? मी उत्तर दिलं नव्हतं.

परीक्षक वयस्कर, उंच, कमी बोलणारे. कागद उलटून म्हणाले, "हे काय? शेरा नाही, कारण नाही. नुसते आकडे?"

"पावलं आहेत, साहेब."

"पावलं?"

मॅडम खिडकीकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, चालून दाखवतो. साहेब म्हणाले, "मीच चालतो." सकाळचे अकरा वाजलेले, व्हरांड्यात लख्ख उजेड. दोन कागद माझ्या आकड्याच्या आसपास निघाले. तिसऱ्यावर माझा आकडा बावीस होता. साहेब बावीसवर थांबले नाहीत. तीस झाले. चौतीसला थांबले.

"मला अजून स्पष्ट वाचता येतंय," ते म्हणाले आणि माझ्याकडं बघून स्वतःच पुढं म्हणाले, "चष्मा नवीन आहे माझा. त्यामुळं असेल."

वाट अशी आयती समोर आली. 'हो साहेब' एवढंच म्हणायचं होतं. पण तो कागद मी ओळखला. शेवटच्या तीन कागदांपैकी होता. ते मोजायचे राहिले म्हणून मी संध्याकाळी उन्हं उतरल्यावर उरकले होते. त्या मुलानं आकडा बघून काही विचारलं नव्हतं. नुसती मान हलवली होती, जशी मी सातवीत, मास्तरांनी नापास म्हटल्यावर हलवली होती.

"चष्मा नाही, साहेब," मी म्हणालो. "हे तीन मी कमी उजेडात मोजले. चूक माझी आहे."

मॅडमनी माझ्याकडं असं बघितलं की आता गप्प बसा.

साहेबांनी तो कागद काढून हातात घेतला. मग म्हणाले, "बाकीचे दोन कुठले? काढा." आम्ही तिन्ही कागद पुन्हा मोजले. ते मागं चालायचे, मी शेजारून पावलं मोजायचो. दोघांचे मार्क बरेच वाढले. उरलेल्या एकाचा एकच वाढला.

"आता प्रत्येक कागदावर शेरा लिहा," साहेब म्हणाले. "कुठलं अक्षर मोडलं, का मोडलं."

"माझं लिहिणं अशुद्ध आहे, साहेब."

"तुम्ही बोलता तसं लिहा."

संध्याकाळपर्यंत लिहीत बसलो. मॅडमनी दोनदा चहा पाठवला. दुसऱ्या दिवशी त्या तिघा मुलांना बोलावून सांगितलं, मोजताना माझं चुकलं होतं. ज्याचा एकच मार्क वाढला होता तो म्हणाला, "सर, एकासाठी एवढं टेन्शन घेतलं?"

पंधरा दिवसांनी मॅडमनी कागद हातात दिला. पुन्हा एकच वर्ष. पुन्हा तात्पुरता. त्या म्हणाल्या, "कायम करणं माझ्या हातात नाही." मी म्हटलं, "मला एवढा एकच जून हवा होता, पोरीच्या शाळेसाठी."

त्या दुपारी पोस्टात जाऊन बायकोला पत्र टाकलं. पोरीचा शाळेचा दाखला काढून ठेव, तिला घेऊन ये. बसमधून डाव्या हाताला बोनकोडेची पाटी दिसेल. नाही दिसली तर कंडक्टरला विचार. पाटी सरकारी आहे, लांबून वाचता येत नाही.