पाटावरचं पिस्तूल

माझ्या शकूमावशीला शांत झोप लागायची ती फक्त निवडणुकीत. हे ऐकून लोक हसतात, म्हणून आधीच सांगते, मी विनोद करत नाहीये. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करा अशी नोटीस येते, आणि मावशीच्या घरात परवान्याचं पिस्तूल होतं. ज्या वर्षी लोकसभा आणि विधानसभा लागोपाठ व्हायच्या, त्या वर्षी ती चक्क अंगाने भरायची. मत कुणाला दिलं ते तिने कधी सांगितलं नाही, पण निकाल लागला की तिचं तोंड उतरायचं. निकालानंतर पिस्तूल घरी परत यायचं.

मी हेमा, तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. पुण्यात बिबवेवाडीला दोन खोल्यांत शिवणाचे क्लास घेते. माझ्या घरातलं सर्वांत धोक्याचं हत्यार म्हणजे कापड कापायची कात्री, आणि क्लास सुटला की तीसुद्धा मी उंच खिळ्याला अडकवते. मावशी खराडीला. तिचे यजमान आप्पासाहेब, म्हणजे माझे काका, एकेकाळी ज्या रानात ज्वारी काढायचे तिथे आता काचेच्या इमारती आहेत, आणि त्यातल्याच एका इमारतीत त्यांची सून तनुजा गळ्यात ओळखपत्र अडकवून नोकरीला जाते. जमिनीला भाव आला तेव्हा काकांना फोनवर एक धमकी आली होती. एकच. त्या एका फोनवर त्यांनी पिस्तुलाचा परवाना काढला. त्याला आता चौदा वर्षं झाली. त्यानंतर धमकी कुणी दिली नाही, पण लग्नाकार्यात कमरेला पिस्तूल असलं की लोक पुढची खुर्ची देतात, हे काकांच्या लक्षात आलं.

बाहेर ते पिस्तूल काकांचं असायचं. घरात पाऊल टाकलं की मावशीचं. काका आले की कमरेचं काढून हाताला येईल तिथे ठेवायचे. फ्रीजवर, टीव्हीशेजारी, उशीखाली, एकदा तर फळांच्या परडीत. मावशी हातातलं काम टाकून उठायची, पदराने ते धरायची, आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवायची आणि किल्ली कमरेला खोचायची. सकाळी काकांना बाहेर जायचं असलं की पुन्हा कपाट उघडायची. सुरुवातीची दहा वर्षं घरात लहान कुणी नव्हतं, तरी ती हे करायची. मग मुलाला, पृथ्वीराजला, मुलगी झाली. मुक्ताई. त्यानंतर मावशी कुठे मुक्कामाला गेली नाही. माझ्या आईच्या आजारपणातही सकाळी यायची आणि चार वाजले की चपला शोधायला लागायची. "मुक्ताईचे आबा येतील आता," एवढंच म्हणायची. आईला वाटायचं, काय हे नवऱ्याचं वेड! मला खरं माहीत होतं, पण मीही गप्प बसले.

तनुजाने एकदा स्पष्ट सांगून पाहिलं होतं. "आप्पा, गोळ्या वेगळ्या कुलपात आणि पिस्तूल वेगळ्या कुलपात ठेवू या ना."

"दोन कुलपं उघडीपर्यंत चोर चहा पीत बसंल व्हय?" काका म्हणाले. सगळे हसले आणि विषय तिथेच संपला. मावशी हसली नाही. तिचे गुडघे दुखत होते, आणि टीव्हीशेजारून पिस्तूल उचलायला तिलाच उठायचं होतं.

गेल्या खंडेनवमीला मी खराडीला गेले होते. त्यांच्याकडे ही पूजा मोठी असते. देवघरात पाट मांडतात, त्यावर कोयता, कुदळ, नांगराचा जुना फाळ, गाडीच्या किल्ल्या, तनुजाचा लॅपटॉप, आणि मधोमध काकांचं पिस्तूल. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. दरवर्षी आरती झाली की मावशी पिस्तूल उचलून कपाटात टाकायची. या वेळी काकांचे थोरले भाऊ तात्याराव पूजेला आले होते. मावशीने हात पुढे केला तसे ते म्हणाले, "शकू, पूजंतलं हत्यार दसऱ्याआधी हलवत न्हाईत. एवढं तरी पाळा."

मावशीने हात मागे घेतला. ती स्वतःही हे सगळं मानणारी बाई, आणि दिराला उलट बोलायची तिला सवय नव्हती. काका म्हणाले, "गोळ्यांचं मॅगझीन काढून ठेवलंय मी. नुसतं लोखंड हाय ते."

देवघराला दार नव्हतं. आर्किटेक्टने हौसेने कमान काढली होती. मावशीने त्या कमानीत प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि उद्या सकाळपर्यंत इथून हलणार नाही असं ठरवून बसली. पहाटे चारपासून ती पुरणाच्या मागे उभी होती. मला म्हणाली, "हेमा, तू बस गं माझ्याजवळ. माझा डोळा लागला तर हलव."

मी बसले. जेवणं झाली, पुरुषमंडळी बाहेर पानाला गेली, घर सुस्तावलं. मावशीची मान खाली गेली. हलवावं असं मला वाटलं, पण तिचा तो ओढलेला चेहरा बघून मन झालं नाही. पाच मिनिटं झोपू दे, मी आहेच की, असं मनाशी म्हटलं आणि मोबाईल हातात घेतला. एका बाईला ब्लाउजच्या गळ्याचे फोटो पाठवायचे होते. हे मी कुणापासून लपवत नाही. माझी नजर मोबाईलवर होती.

मान वर केली तेव्हा मुक्ताई खुर्चीला वळसा घालून पाटापुढे पोचली होती. चार वर्षांची पोर. एरवी तिने त्या वस्तूला कधी हात लावला नसता, कारण ती आबांची, हे तिला शंभरदा सांगितलेलं होतं. पण आता ती देवाच्या पाटावर होती, फुलं वाहिलेली होती, आणि देवाच्या वस्तूचं काय करायचं हे तिला आजीनेच शिकवलं होतं. उचलायची आणि कपाळाला लावायची. तिने दोन्ही हातांनी पिस्तूल उचललं, डोळे मिटले आणि नळी कपाळाला टेकवली. तिचे दोन्ही अंगठे पुढे, घोड्यापाशी होते.

मावशी कशी जागी झाली कोण जाणे. ती किंचाळली नाही, जागची उठलीही नाही. रोज दूध प्यायला हाक मारावी त्याच आवाजात म्हणाली, "मुक्ते, झाला का गं नमस्कार? ठेव मग बाप्पाला खाली. हळू, फुलं सांडतील."

पोरीने डोळे उघडले, जपून पिस्तूल पाटावर ठेवलं आणि एक झेंडू सरळ केला. मग मावशीने तिला ओढून मांडीत घेतलं आणि पदराने तिच्या कपाळाला लागलेलं हळदकुंकू पुसत राहिली.

माझ्या ओरडण्याने सगळे धावत आले. हो, मी ओरडले, पण सगळं झाल्यावर. काकांनी काय झालं ते ऐकलं आणि आधी चिडलेच. "अगं, गोळ्या न्हाईत त्यात! हे बघा." त्यांनी पिस्तूल घेतलं, भिंतीकडे वळून वरचा भाग खटकन मागे ओढला. आतून एक गोळी निसटली आणि पाटावरच्या फुलांत पडली. मॅगझीन काढलं होतं, नळीतली एक राहिली होती. कधीपासून राहिली होती ते काकांनाही सांगता येईना.

तात्याराव खाली बघायला लागले. तनुजाने मुक्ताईला उचललं आणि ती खोलीत निघून गेली. मावशी काकांकडे बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"चौदा वर्षं म्या पहारा दिला, अहो. आज पाच मिनटं डोळा लागला. आता न्हाई होत माझ्याच्यानं. मी लई दमले."

काका पाटापुढे बसले ते तिथेच बसून राहिले.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी पृथ्वीराजने गाडी काढली आणि तो काकांना घेऊन पोलीस ठाण्यात गेला. तिथलं बोलणं मला नंतर पृथ्वीराजने सांगितलं. टेबलामागच्या हवालदाराने विचारलं, "आप्पासाहेब, आत्ता कुठली निवडणूक?"

"निवडणूक न्हाई. जमाच करायचंय, कायमचं. परवाना रद्द करायचा पण अर्ज लिहून आणलाय. घरात लहान पोर हाय."

हवालदाराने वहीतून मान वर केली नाही. "पोर काय काल जन्मलं का?"

पृथ्वीराज म्हणाला, आप्पांना कुणी असं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि आप्पांनी ते ऐकून घेतलं, हेही पहिल्यांदाच.

दुपारी मी आपट्याची पानं घेऊन खराडीला पोचले. म्हटलं, मावशीला सोनं द्यावं आणि कालची माफी मागावी. एरवी दसऱ्याला त्या घरात नुसता गलका असतो, काकांचा आवाज तर कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडपर्यंत येतो. या वेळी काहीच ऐकू येईना. काका एकटेच दारात उभे होते, पायात चपलाही नव्हत्या. माझ्याआधी आलेल्या चार-पाच जणांना ते बाहेरच थांबवत होते आणि सोनं स्वतःच्या हातात घेत होते.

मी जवळ गेले तशी त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "ती झोपलीये."