आदगोंडाचा चौका

आष्ट्याजवळच्या एका गावातला आदगोंडा जे हाती घेई ते मन लावून करी, आणि त्याची आई अंबूबाई त्यात खोट काढी. पन्नाशी उलटली तरी हे थांबलं नव्हतं. धाकटा अरिहंत सांगलीला राही, सणाला पेढे ठेवून जाई. त्याचं कौतुक करताना ती थकत नसे. तिच्या तोंडून एकदा ‘बरं केलंस’ ऐकावं, एवढीच आदगोंडाची भूक होती.

यंदा गावात दिगंबर मुनींचा चातुर्मास होता. त्यांचा आहार आपल्या घरी व्हावा, ही म्हातारीची शेवटची इच्छा. त्यासाठी स्वयंपाकघरात, म्हणजे आहाराच्या सोवळ्या चौक्यात, नवी फरशी घालायची ठरली. आलेल्या गवंड्याला तिनं दारातच अडवलं. "तंबाखू थुंकणारा माझ्या चौक्यात नगं."

मग आदगोंडानं हाताचा टाइल कटर आणला. पांढरी पोर्सिलेनची फरशी त्यावर ठेवून चाक एकदाच दाबून ओढायचं, दांडा दाबला की टक्कन दोन तुकडे. सुरुवातीच्या काही वाया गेल्या. मग हात बसला.

"अव्वा, बघ की, कशी सरळ तुटली," तो आईला म्हणाला.

"तुला तोडाय बरं जमतंय. जोडशील तवा बघू."

कापलेली कड काचेसारखी असते. दगडानं घासून तिची धार मोडावी लागते. त्यानं एक घासली, तर चकाकीचा बारीक टवका उडाला. म्हातारी शेजारीण चंदनाला ऐकू जाईल असं म्हणाली, "उंदरानं कुरतडल्यागत केलंय बघ. माझा अरिहंत असता तर..."

"भावजींनी कवा खिळा तरी ठोकलाय का?" आदगोंडाची बायको त्रिशला म्हणाली.

"तू गप. जसला नवरा तसली बायको."

त्यानंतर आदगोंडानं दगड हातात घेतला नाही. भिंतीकडच्या कडा सिमेंटात बुजल्या. दाराशी मात्र कापलेल्या तुकड्याची कड नखभर वर राहिली.

"आवं, हाताला लागतीय. घासा की," त्रिशला म्हणाली.

"टवका गेला की परत ऐकून घ्यायचं? पाय उचलून चाला."

घरची माणसं पाय उचलून चालू लागली.

एका सकाळी, "हे स्वामी, नमोस्तु," असं तिघं दारात कलश घेऊन म्हणत असताना मुनी खरंच थांबले. म्हातारीचे डोळे भरून आले. मुनी स्वयंपाकघराच्या दारातून आत येऊन पाटावर उभे राहिले. ती वाकून त्यांचे पाय धुऊ लागली, आणि ताटातलं पाणी लाल झालं.

मुनींनी खाली पाहिलं. रक्त दिसलं की अंतराय. मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही, पाणीही नाही. त्यांनी शांतपणे आशीर्वादाचा हात उचलला आणि लंगडत उन्हात निघून गेले.

"अव्वा, माझं चुकलं."

"तुझं न्हाई रं. चुकलं माझं. तुला जन्म दिला." जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी हसलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी म्हातारी सोवळ्यात चंदनाच्या दारात कलश घेऊन उभी राहिली. आदगोंडा हात जोडून मागे उभा राहायला गेला.

"तू लांब ऱ्हा," ती वळून न बघता म्हणाली.

मुनी तिथं थांबले. आहार सुरू झाला. रस्त्यापलीकडून आदगोंडा उघड्या दारातून बघत होता. मुनींच्या ओंजळीत पहिला घास ठेवताना आईचा चेहरा असा उजळला, की तो त्याला ओळखूच येईना.