जनकाबाईनं पारखलेला दोर

डोंगरकडा गावच्या बाजारात माझं दोर-साखळ्यांचं दुकान आहे. तीस वर्षांत दुकानाची पायरी चढलेल्या गिऱ्हाइकांत मी एकालाच भ्यालो, ती म्हणजे जनकाबाई. बाकीचे लोक दोर हातात घेतात, भाव पाडून मागतात आणि जातात. ही बाई दोराचं एक टोक माझ्या खांबाला बांधायची, दुसऱ्या टोकाला स्वतः लोंबकळायची आणि भर बाजारात ओरडायची, "नरसिंगभाऊ, सुतळी विकून राहिले का काय तुमी?" शेजारचे दुकानदार दात काढायचे आणि माझं डोकं तापायचं. पण तिनं नाकारलेला दोर दुसऱ्याला देताना माझाच हात अडखळायचा, खोटं कशाला बोलू?

तिचं काम विहिरीचं. नवरा शेषराव आणि चार गडी खाली खोदायचे, ही वर चाकापाशी. भरलेलं टोपलं कधी ओढायचं, माणूस कधी वर घ्यायचा, दोर कधी फेकून द्यायचा, सगळं हिच्या शब्दावर. नियम एकच, ताणतो तो दोर खोटा. दगडानं भरलेलं टोपलं लांबणाऱ्या दोरावर हिंदकळलं की खालच्याच्या टाळक्यात बसलंच समजा. तिच्या विहिरीत कधी कुणी दगावलं नाही. सहा वर्षांमागं शेषराव गेले, तेसुद्धा घरी, आपल्या खाटेवर.

मागच्या फेब्रुवारीत तिची नात पल्लवी पुण्याहून आली. आईविना पोरगी, आजीनंच वाढवलेली. पुण्यात दवाखान्यात नर्स आहे आणि सुट्टी मिळाली की सह्याद्रीतले कडे चढते. भिंतीसारखे सरळ कडे! एका दिवसात संपत नाहीत, म्हणून पाणी, जेवण, अंथरूण एका मोठ्या पिशवीत भरायचं, आधी माणसांनी चढायचं आणि मागून ती पिशवी दोरानं ओढून घ्यायची. मागच्या खेपेला त्यांचा ओढायचा दोर कड्याच्या धारेवर घासून तुटला. पिशवी दरीत गेली आणि मंडळी दीड दिवस पाण्यावाचून उतरत आली. आता तीन दिवसांचा कडा होता, आणि नवा दोर निवडायचं काम पल्लवीवर आलं होतं.

हे सगळं जनकाबाईनं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "दोर मी पारखीन. बराबर निघाला तर जा. न्हाई तर न्हाई." पल्लवी आजीचा शब्द मोडणारी नाही. तिचा जीव टांगणीला लागला.

माझ्या मळ्यात पाणी न लागलेली एक कोरडी विहीर आहे, साठ फूट. सकाळी दोघी तिथं आल्या. "जयभीम, नरसिंगभाऊ," म्हणत जनकाबाईनं लुगडं खोचलं. वय सदुसष्ट, पण पाय असे रोवून उभी राहिली की मीच जरा मागं सरलो. पल्लवीनं तीन दोर आणले होते. मीही माझ्या दुकानातला पिवळा नायलॉनचा दोर मुद्दाम नेला होता. म्हटलं, एकदा तरी ही बाई माझ्या मालाला बरं म्हणू दे.

चाळीस लिटर पाण्याचे कॅन पोत्यात भरले आणि पोतं खाली सोडलं. पहिला दोर रंगीत, दिसायला झकास. जनकाबाईनं हातभर ओढला, पोतं जागचं हललं नाही, दोरच लांबला. ती भडकली. "अगं, हा दोर हाय का चड्डीचं लास्टिक? फेक तिकडं!"

"आजी, ह्यो ओढायचा न्हाईच. तुला दाखवाया आणला. ह्यो माणसाचा," पल्लवी म्हणाली.

"माणसाचा? काहून गं, जिवावर उठलीस का कुणाच्या?"

पल्लवीनं वाळूचं एक पोतं विहिरीवरच्या लोखंडी गर्डरला दुसऱ्या, न ताणणाऱ्या दोरानं बांधलं आणि वरून सोडून दिलं. असा हिसका बसला की गर्डर दणाणला आणि पोतं उसवलं. मग दुसरं पोतं त्या रंगीत दोरावर सोडलं. ते खाली गेलं, दोर लांबला, पोतं अलगद थांबलं. "विहिरीत माणूस वरच्या दोराला लटकलेला असतो, पडत न्हाई. कड्यावर चढणारा आधी पडतो, मग दोर त्याला धरतो. ताणला न्हाई तर कंबरडं मोडंल."

जनकाबाई उसवलेल्या पोत्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ही चिडणार. जन्मभर जो नियम पाळला तो नातीनं दोन पोत्यांत मोडला होता. पण ती म्हणाली, "व्हय. माझं चुकलं. मला विहिरीपुरतंच ठाव होतं." एवढं मोकळेपणानं आमच्यासारख्यांना चारचौघांत म्हणवत नाही हो. मला तरी कधी म्हणवलं नाही.

मग ओढायच्या दोराची पारख. माझा पिवळा दोर विहिरीच्या दगडी काठावर दहा वेळा घासताच पिंजला. त्यावर ती मला जे बोलली ते इथं लिहीत नाही. पल्लवीचा बारका पांढरा दोर हलका होता, ताणतही नव्हता, पण हाताला कापायचा आणि काठावर त्याची साल निघाली. तिचाच तिसरा, करंगळीएवढा जाड दोर मात्र घासून-घासून नुसता खरखरीत झाला. ओढला तेवढं पोतं वर आलं, बोटभरही वाया गेलं नाही.

"ह्यो घे. वजन वाढंल तर वाढू दे," असं म्हणून तिनं नातीचा चढाईचा कंबरपट्टा मागितला. "आता मला सोड खाली. मालाचा दोर असला तरी येळ पडली तर माणूस पेलला पायजे."

आम्ही दोघांनी कितीदा नको म्हटलं, पण ऐकेल ती जनकाबाई कसली! पल्लवीनं दुसरा दोर जोडीला बांधला आणि आजीला सोडलं. इतकी वर्षं विहिरीवर राबलेली ती बाई त्या दिवशी पहिल्यांदा खाली उतरली. तळाला पोचली आणि मान वर करून आमच्याकडं बघू लागली. मग आवाज आला, "घे वर."

वर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "तुझा आजा तिथं राबायचा. मला वरून नुसतं त्याचं डोस्कं दिसायचं. आज कळलं, खालून काय दिसतंय ते. सारा जीव वरच्या माणसाच्या हातात." तिनं पल्लवीचा तळवा उलटून पाहिला. "दोराचं झालं. आता सांग, तू चढताना वर कोण असतंय?"

"वर कुणी नसतंय आजी. पहिली मीच जाते, कड्यात दोर अडकवत."

जनकाबाईनं तो जाड दोर पुन्हा स्वतःकडं ओढून घेतला. मला वाटलं, गेलं, आता ही काही पोरीला जाऊ देत नाही.

"मग खाली दोर कोण धरतंय?"

"ऐश्वर्या. माझी मैत्रीण."

"लाव तिला फोन," जनकाबाई म्हणाली. "मला बोलायचंय तिच्याशी."