शेवग्याखालची निळी ताटली

माझ्या हातून एक उत्खनन झालं आहे. हसू नका. वेलचेरीत पाऊस म्हटला की आमच्या अंगणाचं तळं होतं, म्हणून यंदा पाणी जिरवायला शेवग्याशेजारी खड्डा खणायला घेतला आणि गुडघाभर खोलीवर खापऱ्या निघाल्या. पांढऱ्याशुभ्र, त्यांवर निळी नक्षी: पूल, झाडं, अर्धा पक्षी. मी कुदळ थांबवली आणि पुरातत्त्व शिकवणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला.

ती आली, मातीत बसली, ब्रश फिरवू लागली. शंभर वर्षांहून जुनी विलायती ताटली, म्हणाली. नक्षी हातानं काढलेली नाही. पातळ कागदावर छापायची आणि तो कागद भांड्यावर चिकटवायचा. "इथे एखाद्या साहेबाचा बंगला असणार." झालं! मी मनातल्या मनात साहेबाला जेवायलाही बसवलं.

व्हरांड्यात आई बसली होती. वय ब्याऐंशी, कान शाबूत.

"काठ पुसून बघ, कण्णा," ती मैत्रिणीला लाडानं म्हणाली. "एका जागी वेल जुळत नाही."

मैत्रिणीनं पुसलं. कागदाची दोन टोकं भेटली होती तिथे वेल खरंच तुटली होती. "अम्मा, तुम्हाला कसं ठाऊक?"

"मीच पुरली ती."

साहेब गेला उडत! आमच्या तंजावरी मराठी घरात चिनी मातीला उंबऱ्याच्या आत बंदी, लोणच्याची बरणी तेवढी माफ. अंड्याला तर फाटकापासूनच बंदी. पण बाबांनी लग्नाच्या नवलाईत जुन्या बाजारातून ही ताटली आणली होती. आजी देवळात गेली की शेवग्याखाली स्टोव्ह पेटवायचा, ऑम्लेट करायचं आणि या ताटलीत खायचं. एकदा आजी लवकर परतली. आई ताटली लपवायला धावली, हातातून सुटून तुकडे झाले, ते तिनं तिथेच पुरले.

"आणि बाबांना काय सांगितलंस?"

"काही नाही. त्यांना वाटलं, त्यांच्या आईनं फेकली. जाईपर्यंत तेच धरून बसले. मी गप्प राहिले गे."

माझं हसू जागच्या जागी थांबलं.

मैत्रीण खापऱ्या विद्यार्थ्यांना दाखवायला नेणार होती. "उद्या ने," आई म्हणाली. "आज मला पाहिजेत."

तिनं तुकडे धुऊन व्हरांड्यात जुळवले. एका पक्ष्याचं डोकं काही सापडलं नाही. मला कोपऱ्यावरच्या गाडीवर ऑम्लेट आणायला पिटाळलं. ताटली आत बाबांच्या फोटोपुढे ठेवूया म्हटलं, तर "शिव शिव! चिनी माती आत?" शेवटी फोटोच बाहेर आणला.

"मीच फोडली हो," आई फोटोला म्हणाली. "तुमच्या आईनं नाही. आता खा, गार होतंय."

श्राद्धाला आमच्या गच्चीवर कावळा तासभर ताटकळत ठेवतो. हा मात्र बोलावण्याआधीच शेवग्यावरून उतरला, दोन घास घेतले आणि उडाला.

आईनं पदरानं डोळे पुसले. मग उरलेल्या ऑम्लेटकडे बारकाईनं पाहिलं.

"मिरची जास्त घातली मेल्यानं," ती म्हणाली. "यांना कमी लागायची."