चढावरचं पाणी

अल्फारेटाच्या आमच्या घरून निघालो तेव्हा गाडीच्या मागे माझी सायकल टांगलेली होती आणि आत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाच्या वड्या, झालंच तर दोन प्रकारचे लाडू. शर्यतीला चाललोय की मुलगी बघायला, असा प्रश्न पडावा. हे सगळं सासूबाईंचं काम. आई सहा महिन्यांसाठी सांगलीहून आमच्याकडे आल्या आहेत. उत्तर जॉर्जियाच्या डोंगरात मी ड्युअॅथलॉन (आधी धावायचं, मग सायकल, मग पुन्हा धावायचं) करणार आहे, हे त्यांना नीट समजावून सांगितलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "आणि हे तुला कुणी करायला सांगितलंय?"

कुणीच नाही. पण दोन वर्षांपूर्वी याच शर्यतीतून मला सायकलसकट व्हॅनमध्ये घालून परत आणलं होतं. सायकलचा टप्पा साडेअकराच्या आत संपवावा लागतो आणि मी शेवटच्या चढावर सायकल ढकलत पायी चालले होते. व्हॅनचा ड्रायव्हर भला माणूस, त्याने मला केळं दिलं. मी ते रडत रडत खाल्लं. तेव्हापासून एकच घोकत होते, की ही शर्यत एकदा तरी नियमात राहून, आपल्या पायांवर पुरी करायची. वय सत्तेचाळीस, नोकरी कॉम्प्युटरसमोर बसण्याची, त्यामुळे उशीर करून चालणार नव्हतं.

शहर मागे पडलं तशी रस्त्याकडेला चर्चच्या पाट्या, कोंबड्यांच्या लांबलचक शेड आणि सफरचंदांच्या बागा दिसू लागल्या. एका टपरीवर भल्यामोठ्या पातेल्यात भुईमुगाच्या शेंगा उकडत होत्या. आईंनी गाडी थांबवायलाच लावली.

"अगंबाई, इथेही शेंगा उकडून खातात?"

टपरीवाल्या आजोबांनी 'मॅम, मॅम' करत त्यांच्या हातावर चार शेंगा ठेवल्या. आईंनी चाखून निकाल दिला, "मीठ फार घातलंय, पण शिजल्यात छान." माझा नवरा मिलिंद याने भाषांतर करताना वाक्याचा पहिला अर्धा भाग गाळला. आजोबा इतके खूश झाले, की पिशवीत त्यांनी आणखी दोन मुठी टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटेलच्या नाश्त्याला ग्रिट्स (मक्याच्या कण्यांची पेज) होते. ते खाऊन आम्ही तळ्याकाठच्या मैदानावर पोचलो. धुकं इतकं, की तळं आहे हे विश्वासानेच मानायचं. आई आणि मिलिंद गाडी लावायला गेले. इकडे संयोजक बाईंनी भोंग्यावरून नियम सांगितले. शेवटचा नियम असा, की बाहेरच्या कुणाकडून पाणी, खाणं किंवा मदत घेतली, तर बाद. "मग ती तुमची सख्खी आई का असेना!" सगळे हसले, मीही हसले. आणि मिलिंद परत आल्यावर त्याला एवढंच सांगितलं, "शेवटच्या चढावर उभे राहा, तिथे मला तुमची गरज लागेल."

पहिलं धावणं ओढ्याकाठच्या पायवाटेने होतं. ओल्या पानांवरून पाय सटकत होते. पांढऱ्या वेणीची, सत्तरीची तरी असेल अशी एक बाई मला गाठून बरोबर धावू लागली.

"पहिल्यांदा?" तिने विचारलं.

"दुसऱ्यांदा. मागच्या वेळी व्हॅनमधून परत आले."

"मग चढावर वर बघू नकोस, हनी. पुढच्या चाकाकडे बघ." एवढं बोलून ती मला मागे टाकून निघूनही गेली. तिची पाठ बघत मी बराच वेळ पळाले.

सायकलवर बसले तेव्हा ऊन आलं होतं. एक चढ संपला की उतार, उतार संपतोय तोवर दुसरा चढ. मधे सपाट म्हणून काही नाही. अशाच एका उतारावर खड्ड्यात चाक आदळलं आणि माझी पाण्याची बाटली उडून झुडपात गेली. मागून सुसाट सायकली येत होत्या, थांबणं शक्यच नव्हतं. पाण्याचं अधिकृत टेबल आता थेट टप्प्याच्या शेवटी. थोड्याच वेळात जीभ टाळूला चिकटली.

आणि मग तो चढ आला. मी पुढच्या चाकाकडे बघत, कण्हत, एकेक पेडल मारत होते. निम्म्यावर आले तोच ओळखीचा आवाज कानावर आला. पंजाबी ड्रेस, त्यावर मिलिंदचं जाकीट, हातात स्टीलचा पेला. आई रस्त्याच्या कडेने माझ्याबरोबर चालू लागल्या. माझा वेग एवढा, की त्यांना भरभरही चालावं लागत नव्हतं.

"घे गं, लिंबाचं सरबत आहे. ओठ बघ कसे झालेत!"

"नको, आई."

"अगं, एक घोट! कोण बघतंय?"

बघत होता. समोरच नारिंगी जाकीट घातलेला पंच उभा होता. पण खरं सांगते, तो नसता तरी तो पेला नाकारणं मला तेवढंच कठीण गेलं असतं. आईंच्या घरी कुरियरवालासुद्धा पाणी प्यायल्याशिवाय दारातून हलत नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यांनी पुढे केलेलं काहीही मी कधी परत केलेलं नव्हतं. सरबताचा वास नाकात शिरला.

"आई, नको म्हणते ना! बाद करतील मला! बाजूला व्हा!"

मी सासूवर ओरडले होते. तेही भर रस्त्यात. त्या जागच्या जागी थांबल्या. मिलिंदने त्यांच्या खांद्यावर हात ठेवलेला तेवढा दिसला. मी डोळे पुन्हा चाकावर आणले आणि पेडल मारत राहिले. दोन वर्षांपूर्वी जिथे सायकल हातात घेतली होती, ते वळण सायकलवर बसूनच पार केलं.

टप्प्याच्या शेवटी पोचले तेव्हा साडेअकराला चार मिनिटं कमी होती. चार ग्लास पाणी घटाघटा प्यायले आणि पुन्हा धावायला सुटले. पोटऱ्यांत गोळे आले, मधेमधे चालले, पण थांबले नाही. माझ्यामागे पाच-सहाच जण उरले असतील. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा भोंग्यावरून माझं नाव पुकारलं गेलं, उच्चाराची पार वाट लावून, आणि मला ऊर फुटेल एवढा अभिमान वाटला. पांढऱ्या वेणीची बाई टाळ्या वाजवत होती.

आई गाडीत बसल्या होत्या. मी त्यांना नियम सांगितला.

"म्हणजे तू प्यायली असतीस, तर सगळं फुकट गेलं असतं?"

"हो."

त्यांनी शेंगांची पिशवी मांडीवर ओढून घेतली. घरी पोचेपर्यंत गाडीत शेंगा सोलल्याचाच काय तो आवाज. पदक माझ्या गळ्यात होतं, पण त्याचा आनंद थोडा नासलाच.

सोमवारी सकाळी मी कठडा धरून, एकेक पायरी आडवी होत जिना उतरत होते. खाली आई सांगलीला बहिणीशी फोनवर बोलत होत्या.

"घसा पार कोरडा पडलेला गं तिचा. मी पेला तोंडाशी नेला, तर तोंडावर नाही म्हणाली मला. ओरडली!"

मी तिथेच थांबले.

"अगं, चिडू कशाला? उभ्या जन्मात आपण दोघी कुणाला 'बाजूला व्हा' म्हणालो का? ही म्हणाली. आणि चढून गेली की वर! माझी सून आहे ती, सांग तुझ्या भिशीतल्या बायकांना."

ती शर्यत मी आपल्या पायांवर पुरी केली, हे मला रविवारीच कळलं होतं. पण माझ्या नकाराचाही कुणाला अभिमान वाटेल, असं मनात आलं नव्हतं. मी पायरीवरच बसून राहिले. पाय दुखतायत म्हणून बसलेय, असं मी मिलिंदला सांगितलं.