जांभळ्या प्लिमथची शेपटी

बेल्डनमध्ये पुढच्या दारावर कुणी टकटक करत नाही. ओळखीची माणसं अंगणाला वळसा घालून मागून येतात, जाळीचं दार ढकलतात आणि कॉफी आहे का हे विचारायच्या आत कप हातात घेतलेला असतो. पुढच्या दाराशी उभा राहणारा एकतर काहीतरी विकायला आलेला असतो, नाहीतर काहीतरी वाईट सांगायला. म्हणून त्या गुरुवारी सकाळी पुढचं दार वाजलं, तेव्हा आर्लीनच्या हातातलं उलथणं तव्यावरच थांबलं. खालच्या पॅनकेकला काळी कड आली.

"बघ कोण आहे," टेबलाशी बसलेला डेलमार म्हणाला.

"मीच बघणार. तू उठेपर्यंत तो म्हातारा होईल."

डेलमारच्या पाठीचं ऑपरेशन वसंतात झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, जड उचलायचं नाही, वाकायचं नाही आणि गाडीखाली जायचा विचारही मनात आणायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी त्यानं पाळल्या. तिसरी तो रोज मनात आणायचा आणि रोज थोडा आणखी गप्प व्हायचा.

दारात व्हर्जिल हूप्स उभा होता. डोक्यावर जुन्या गाड्यांच्या मेळाव्याची टोपी, हातात डोनटचा खोका. पलीकडच्या गल्लीतला माणूस, डेलमारचा शाळेपासूनचा सोबती. या घरात तो जन्मात पुढच्या दारानं आला नव्हता.

"काय रे, मागचं दार चोरीला गेलं का?"

"मी कमिटीच्या कामानं आलोय," व्हर्जिल छाती काढून म्हणाला.

"डोनटपण कमिटीचेच?"

"डोनट माझे. तेवढे आत घे, मग मला बोलायला धीर येईल."

बोलायचं होतं ते एवढंच. शनिवारी कोर्टाच्या चौकात मेळावा होता. बेकरीशेजारच्या मोठ्या मेपलखालची जागा डेलमारची, मेळावा सुरू झाला त्या वर्षापासूनची. सावली तिथे, येणारी-जाणारी माणसं तिथे, ताज्या पावाचा वासही तिथे. पण नियम म्हणजे नियम: ज्याची गाडी एका वर्षी आली नाही, त्याची जागा गेली. आणि रॉस्को टिब्स आपली नव्या रंगानं चकाकणारी गाडी घेऊन कधीचा त्या सावलीवर डोळा ठेवून होता.

"तर कमिटीचं म्हणणं," व्हर्जिल कपात बघत म्हणाला, "उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवा."

"देऊन टाका रॉस्कोला," डेलमार म्हणाला आणि पॅनकेकवर लोणी पसरवायला लागला.

आर्लीननं उलथणं खाली ठेवलं ते त्या शब्दांनी नव्हे, त्या लोणी पसरवण्यानं. हा माणूस चाकावरच्या एका झाकणासाठी शेजाऱ्याशी अख्खी दुपार भांडलेला होता. त्यानं अशी जागा सोडावी, आणि वर सिरपही मागावं!

गॅरेजमध्ये ती गाडी उभी होती. सत्तर सालची प्लिमथ, पिकल्या आलुबुखारासारखी जांभळी. लग्नाआधीपासून डेलमारकडे होती आणि तेव्हापासूनच तिची शेपटी वर होती. त्या काळी गावातल्या प्रत्येक पोराची गाडी अशीच असायची, पुढून नाक खाली, मागून ढुंगण वर, झेप घ्यायच्या आधी बोका बसतो तशी. आर्लीन पहिल्यांदा तिच्यात बसली तेव्हा तिनं कडक इस्त्रीचा फ्रॉक घातला होता. सीट गुळगुळीत आणि गाडी उतरती. ती सारखी पुढं घसरत होती, पाय रोवून वर सरकत होती, पुन्हा घसरत होती. डेलमारला वाटलं ही पोरगी फारच अस्वस्थ आहे, आपण काही चुकीचं बोललो की काय. घरी सोडताना त्यानं माफीसुद्धा मागितली. कशाबद्दल ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

आता मात्र मागचे पाटे थकले होते. एकावर एक बांधलेल्या त्या वाकड्या लोखंडी पट्ट्या, ज्यांच्यावर गाडीचं मागचं सगळं ओझं असतं, पार सपाट झाल्या होत्या. बोक्यानं झेपेचा विचार सोडून बैठक मारली होती. गेल्या उन्हाळ्यात रेल्वेचे रूळ ओलांडताना सायलेन्सर असा खरवडला की फाटकाजवळ राहणारा रॉस्को व्हरांड्यात येऊन टाळ्या वाजवायला लागला. डेलमारनं हिवाळ्यात नवे पाटे आणले, चांगले कमानदार. आणि ते घालायच्या आधीच पाठ गेली. घोंगडीत गुंडाळलेले ते पाटे भिंतीशी पडून होते.

"मी घालते," आर्लीन म्हणाली.

डेलमारला ती थट्टा वाटली. मग ती हसत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं.

"अगं, गाडीचे पाटे म्हणजे फ्रॉकची झालर नव्हे."

"तुला झालर लावता येते?"

"नाही."

"मग गप्प बस. आणि कसं करायचं ते सांग."

"गप्प बसू की सांगू?"

"दोन्ही."

आर्लीन शिवणकाम करते. मागच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन आहे, आणि बेल्डनमधल्या निम्म्या बायकांच्या घोट्यांची तिला चेहऱ्यांपेक्षा जास्त ओळख आहे. शाळेच्या नाचाचे पोशाख, बँडमधल्या पोरींचे झगे, लग्नाचे लांब घोळ, सगळ्यांची खालची कड तिच्या हातून वर-खाली झालेली. आणि संध्याकाळी हातशिलाई घेऊन ती गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसायची. डेलमार गाडीखाली, ती वर. तो हात बाहेर काढायचा, ती पाना ठेवायची. नवीन लग्न झालेलं तेव्हा तो नंबर सांगायचा. पुढं पुढं नुसता हात यायचा आणि बरोबर पाना त्यात पडायचा.

व्हर्जिलनं टोपी काढून फ्रिजवर ठेवली. "आता मी कमिटी नाही. जड पाटा धरायला माणूस लागेल."

डेलमारला गॅरेजच्या दारात आरामखुर्ची मांडून दिली, पाठीशी दोन उशा. गाडीचं मागचं अंग जॅकनं वर घेतलं, खाली भक्कम लोखंडी तिवया लावल्या. डेलमारनं त्या व्हर्जिलकडून दोनदा हलवून घेतल्या. आर्लीननं त्याची कामाची जुनी डांगरी चढवली, पायाला दोन दुमडी घातल्या आणि चाकांच्या फळीवर आडवी होऊन गाडीखाली शिरली.

"काय दिसतंय?" डेलमारनं विचारलं.

"घाण. इतकी वर्षं मला वाटायचं, तू खाली काहीतरी साफ करत असतोस."

जुने नट गंजून बसले होते. तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा सोडलं. मधल्या वेळात हॅम सँडविच झाले, डोनटही संपले. डेलमार खुर्चीतून वाद्यवृंद चालवावा तसे हात हलवत होता. "आधी शॉकअप... नाही, खालचा बोल्ट! अगं, जॅक आसाखालीच राहू दे!"

"माहितीये."

"तुला कसं माहिती?"

"बादलीवर बसून," गाडीखालून आवाज आला.

व्हर्जिल घामानं निथळत पाटा धरून उभा राहायचा आणि आर्लीन त्याची भोकं बोल्टाशी जुळवायची. अवघड नव्हतं म्हणण्यात अर्थ नाही. पहिला पाटा बसेपर्यंत तिचे दंड भरून आले आणि तोंडून एक असा शब्द गेला की व्हर्जिलनं चर्चच्या दिशेनं बघितलं. दुसरा पाटा मात्र पटकन बसला. तोवर डेलमारच्या दुपारच्या गोळीनं आपलं काम केलं होतं. हनुवटी छातीवर टेकवून तो गाढ झोपला होता.

"तू हात धू," व्हर्जिल म्हणाला. "बोल्ट मी आवळतो." त्याच्याकडे हवेवर चालणारा पाना होता, आणि त्या पान्याचा आवाज त्याला फार आवडायचा. एवढ्या आवाजातही डेलमार हलला नाही.

मग चाकं चढवली, तिवया काढल्या, गाडी हलकेच जमिनीवर आली आणि आर्लीन टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिली. शेपटी वर! अशी वर, की नाक जमिनीचा वास घेतंय. व्हर्जिलनं शीळ घातली, फोन काढला, पुढून मागून फोटो घेतले.

"रॉस्कोला आत्ता पाठवू की उद्या?"

आर्लीनला काहीतरी खटकत होतं. शिवणकाम नवीन होतं तेव्हा बेकरीवाल्यांच्या मुलीचा नाचाचा झगा तिनं टेबलावर पसरून मापला होता, सरळ रेषेत, टाचण्या लावून. टेबलावर तो देखणा दिसला. पोरीच्या अंगावर गेला आणि एका बाजूनं घोट्याच्या वर चढला. पोरगी रडली, आईही रडली. तेव्हापासून आर्लीन कड मापते ती अंगावर, पायात बूट घालून, सरळ उभं करून.

"व्हर्जिल, तू बोल्ट आवळलेस तेव्हा चाकं कुठं होती?"

"भिंतीशी. का?"

"म्हणजे गाडी लोंबकळत होती."

"हो. मोकळं होतं खाली, हात जात होता नीट."

"मग तू तिचं माप टेबलावर घेतलंस."

व्हर्जिलनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू उन्हानं हिला काही झालंय. पण आर्लीनला आता आठवत होतं. डेलमारचा हात शेवटी एकदा बाहेर यायचा, लांब दांड्याच्या पान्यासाठी, आणि तो नेहमी गाडी चाकांवर उतरवून झाल्यावरच. ती बादली उचलायला लागायची आणि तो ओरडायचा, थांब, अजून आवळायचंय. पाट्यांच्या टोकांना रबर असतं. गाडी हवेत असताना बोल्ट आवळला की रबर तिथंच पकडलं जातं, आणि वजन आलं की पिळवटतं. ही उंची पाट्यांची नव्हती. निम्मी त्या पिळलेल्या रबराची होती, आणि रबर आज ना उद्या फाटणार होतं.

"शनिवार तर होऊ दे!" व्हर्जिल कळवळून म्हणाला. "एवढी सुंदर दिसतेय. रविवारी सोड."

तिलाही तेच वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. खुर्चीत झोपलेल्या माणसाला जाग येईल, समोर ही शेपटी दिसेल आणि महिनोन् महिने न दिसलेलं हसू त्याच्या तोंडावर येईल. त्याच शेपटीला हात लावायचा म्हणजे काय! पण कच्च्या टाक्यांवर पोरीला नाचायला पाठवून आपण घरी निवांत बसावं, असं तिला कधी जमलं नव्हतं. तिनं लांब दांड्याचा पाना घेतला आणि फळीवर आडवी झाली.

पहिला नट सैल झाला तशी गाडी कण्हली. दुसऱ्याला आणखी कण्हली. आणि सगळे सुटल्यावर तिचं मागचं अंग, जेवण झाल्यावर कुणी सोफ्यावर बसावं तसं, सावकाश खाली टेकलं.

"गेली," व्हर्जिल म्हणाला. "अंगठ्याएवढी तरी गेली."

"बोल्ट कुणी सोडले?" खुर्चीतून आवाज आला. डेलमार पूर्ण जागा होता.

"मी."

"आवळले कुणी होते?"

व्हर्जिलला एकदम फ्रिजवरची टोपी आठवली आणि ती आणायला तो घरात सटकला.

डेलमारनं खुर्चीचे हात धरले आणि हळूहळू उभा राहिला. गाडीला एक फेरी मारली. वाकता येत नव्हतं, म्हणून मान तिरकी करून चाकावरच्या कमानीत बघितलं. "डिकीवर बस," तो आर्लीनला म्हणाला. ती बसली. "उसळ." ती उसळली. "अजून." ती सत्तरीच्या बाईला शोभेल त्यापेक्षा जास्त उसळली. गाडी हलली, झुलली आणि एका जागी येऊन थांबली. बोक्यासारखी, झेपेच्या तयारीत. थोडी कमी वर, पण स्वतःच्या बळावर.

"आता आवळ," डेलमार म्हणाला. आर्लीन उतरून पुन्हा गाडीखाली शिरली. तिनं हात बाहेर काढला तेव्हा डेलमार उलट्या बादलीवर, पाठ ताठ ठेवून, कसाबसा टेकला होता. लांब दांड्याचा पाना त्यानं तिच्या तळव्यावर ठेवला.

शुक्रवारी सकाळी तिघं रुळांकडे निघाली. आर्लीन चालवत होती, डेलमार शेजारी उशांमध्ये, व्हर्जिल मागे गुडघे हनुवटीला लावून. रूळ आले. चाकं चढली, उतरली. खालून काहीच आवाज आला नाही.

"परत घे," डेलमार म्हणाला.

ती वळवून पुन्हा रुळांवरून गेली. पुन्हा काही नाही.

"अजून एकदा."

"अरे, कळलं की घासत नाही ते!" मागून व्हर्जिल कुरकुरला. "माझ्या गुडघ्यांची कीव कर."

"मला कळलं. रॉस्को अजून बाहेर आला नाही."

रॉस्को बाहेर आला. कॉफीचा कप घेऊन व्हरांड्यात उभा राहिला, गाडी डोळ्यांसमोरून दोनदा अल्लद गेलेली पाहिली, आणि शेवटी कप थोडासा वर उचलला. डेलमारनं हॉर्न वाजवायला आर्लीनच्या पुढ्यातून हात घातला आणि "आई गं" म्हणून पाठ धरली, पण हसत.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जाड पुठ्ठ्याचा कोरा तुकडा पडला होता. मेळाव्यात प्रत्येक गाडीच्या काचेवर पाटी असते: गाडी कुठली, मालक कोण, काम कुणी केलं. डेलमारचं अक्षर कोंबडीनं चिखल तुडवल्यासारखं, म्हणून पाटी दरवर्षी आर्लीन लिहिते, वळणदार, खाली एक बारीक वेलबुट्टी काढून. यंदाही लिहिली. प्लिमथ, १९७०. मालक: डेलमार स्टट्झमन. सगळं काम: डेलमार स्टट्झमन.

कमिटीला डेलमारचा होकार कळवून व्हर्जिल मागच्या दारानं आला होता आणि ओव्हनमधल्या मक्याच्या पावाकडे बघत बसला होता. डेलमारनं पाटी उचलून लांब धरली. "छान. दरवर्षीसारखी."

आर्लीननं हातातलं पेन त्याच्यासमोर ठेवलं.

"खाली एक ओळ घाल, डेल. मागचे पाटे: आर्लीन. आणि ती तुझ्या हातानं लिही."