दोन भोकं जास्तीची

शालू गेली तेव्हा मी हॉस्पिटलच्या खाली टपरीवर चहा पीत होतो. वर्षाचा, म्हणजे आमच्या मुलीचा, फोन आला. "बाबा, वर या," एवढंच बोलली. मी मनगटाकडे बघितलं. घड्याळ नव्हतं. दोन दिवस आधी त्याचा पट्टा बक्कलजवळ तुटला होता आणि घड्याळ शर्टाच्या खिशात पडून होतं. ते काढून बघायचं सुचलं नाही. जिना चढलो. नंतर भाऊबंदांनी फोनवर विचारलं, किती वाजता गेली, तर मला सांगता आलं नाही. सगळा जन्म घड्याळ बांधून फिरलो आणि त्या वेळेला हात मोकळा.

याला आता दोन महिने होत आले. वर्षा म्हणाली, "आईबद्दल लिहा, पेपरच्या पुरवणीत देऊ." मी सातवी शिकलेला माणूस. लेथ मशीनवर नोकरी काढली, लिहिण्याची सवय नाही. पण शालूबद्दल लिहायचं तर मला एकच गोष्ट नीट येते, ती म्हणजे घड्याळाचा पट्टा. आणि तिने शेवटी घेतलेला पट्टा मी हाताला लावला नव्हता, तेही सांगायचं आहे.

घड्याळ लग्नातलं, सासऱ्यांनी दिलेलं, चावीचं. आम्ही दोघंही विदर्भातले. नोकरी लागली म्हणून भोपाळला आलो ते इथलेच झालो. स्टीलची चेन बांधली की माझ्या मनगटाला खाज सुटते, लाल चट्टे उठतात. म्हणून चामड्याचा पट्टा. आणि घाम असा की पट्टा सहा महिन्यांत कुजायचा. मशीनवर असताना घड्याळ खिशात ठेवायचो, तरी कारखान्यातून घरी येईपर्यंत पट्टा ओला. एकदा मी अक्कल चालवली. आमच्या गावाकडे चपलेला खोबरेल तेल लावायचे, तसं पट्ट्याला चोपडलं आणि उन्हात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो शिळ्या पुरीसारखा लुळा पडला, टाके उसवले. शालूने दोन बोटांत धरून बघितला आणि म्हणाली, "याला आता कढईत टाकू का?" त्या दिवसापासून पट्ट्याचं खातं तिने आपल्याकडे घेतलं.

शालू ब्लाउज शिवायची. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या बायकांची मापं तिला तोंडपाठ होती. शिवणातलं तिला कळायचं, चामड्यातलं काही नाही. पण तिने ते शिकून घेतलं. न्यू मार्केटात दुकानाच्या पायरीवर उभी राहून पट्टा आधी उलटा करायची. वरून सगळेच चकाकतात, म्हणायची, पाठ बघा. मग दुमडायची. दुमडल्यावर वर बारीक भेगा दिसल्या की परत. मग नाकाला लावायची. डिंकाचा वास आला की परत. मग टाके बघायची, जवळजवळ आहेत का, दोरा मेणाचा आहे का, कडेला दोन पदर सुटे दिसतात का. आणि शेवटी बोट जिभेला लावून पाठीच्या बाजूला ओलं टिपूस द्यायची. पाणी आत शिरून डाग काळा पडला तर खरं चामडं, वरच राहिलं तर रेक्झिन. दुकानदार एकदा वैतागला. "माताजी, खरीदना है कि धोना है?" शालू म्हणाली, "भैया, पहनेंगे ये, धोएगा इनका पसीना." आजूबाजूची गिऱ्हाइकं हसली, मी मात्र रस्त्याकडे तोंड करून उभा. मला लाज वाटायची. घेतला मात्र तिने त्याच दुकानातून, आणि एक नाही, दोन. तिचं म्हणणं, चामड्याला सुट्टी पाहिजे. एक पट्टा आठवडाभर हातावर, दुसरा आठवडाभर कपाटाच्या खुंटीला वाळत. रविवारी माझी आंघोळ झाली की ती केसातला आकडा काढायची, त्याच्या टोकाने घड्याळाची पिन दाबायची, एक पट्टा उतरवून दुसरा चढवायची. मी लोखंड कापणारा माणूस, एक सूत इकडचं तिकडे होऊ न देणारा, पण ती पिन मला कधी जमली नाही. जमवूनही घेतली नाही, खरं तर. तिची बोटं माझ्या घड्याळावर चालताना बघायची सवय झाली होती. आणखी एक नियम होता. जेवताना घड्याळ काढून ताटापासून लांब ठेवायचं. रस्सा सांडला की पट्टा गेला. असे पट्टे मग चार चार वर्षं चालले.

गेल्या हिवाळ्यात तिची तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितलं ते आम्ही दोघांनी एकत्रच ऐकलं. परत येताना तिने न्यू मार्केटला ऑटो थांबवायला लावला. मला वाटलं पाणी प्यायचं असेल. तर ही पट्ट्याच्या दुकानात. अर्धा तास. जाड, गडद तपकिरी, कडक पट्टा घेऊन आली. "पहिला महिनाभर चावेल, मग हाताला बसेल. दहा वर्षं बघायला नको." माझं डोकं फिरलेलंच होतं. मी म्हणालो, "दहा वर्षांचा पट्टा आता कुणाला पाहिजे?" ... बोलून गेलो. ऑटोवाल्याने आरशात बघितलं. शालूने पट्टा पुडीत घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "राहू द्या घरात. खायला मागत नाही." पुढे तिने तो विषय काढला नाही. मीही नाही. माफी मागायची म्हटलं तर काय म्हणून मागायची, आणि मागितली तर ती हसली असती. अशी चालढकल करत राहिलो.

उन्हाळ्याच्या आधीची एक दुपार आठवते. मी जेवून पडलो होतो. जाग आली तर ही खाटेच्या कडेला बसलेली, माझं मनगट हातात. "काय करतेस गं?" म्हटलं. "नाडी बघते," म्हणाली, "चालू आहे का ते." तोपर्यंत तिची स्वतःची मनगटं काड्यांसारखी झाली होती. मी कूस बदलून पुन्हा झोपलो.

ती गेल्यावर मी नीट जेवत नव्हतो. हे मी कबूल करत नव्हतो, पण वर्षाला दिसत होतं. ती तिच्या घरून, मिसरोदहून, माझ्याकडे कोलार रोडला डबा घेऊन यायची आणि कालचा डबा तसाच बघून माझ्याकडे बघायची. "बाबा, आईला काय सांगू मी?" असं एकदा म्हणाली. कपड्यांची आवराआवर करताना तिला शालूच्या शिवणाच्या डब्यात ती पुडी सापडली. "हा तुमचा ना?" मी हो म्हटलं. तिने मोबाइलवर बघून पिन बसवली, आकड्यानेच. पट्टा बांधला तर नेहमीच्या भोकावर बक्कल सैल. पुढच्यावर सैल. शेवटच्या भोकावरही घड्याळ मनगटावरून फिरत होतं. तेव्हा दिसलं, कंपनीच्या भोकांच्या पुढे, घड्याळाच्या बाजूला, आणखी दोन भोकं होती. यंत्राची नव्हती ती. कडा जराशा खडबडीत, हाताने पाडलेली. पहिल्यावर बक्कल लावलं. नेमकं बसलं. मी लेथवाला आहे, नेमकं बसणं म्हणजे काय ते मला कळतं.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या मोच्याकडे गेलो. आमच्या चपला तोच शिवतो. पट्टा पुढे केला. त्याने लगेच ओळखला. "आईं थीं माताजी, गरमी से पहले. धागा लाई थीं, गाँठ लगा के. बोलीं, इस नाप पे छेद करो." धागा. गाठ. ब्लाउजाच्या बाहीचं माप ती तसंच घ्यायची. म्हणजे त्या दुपारी नाडी नव्हती बघत ती. मी विचारलं, माप एक तर भोकं दोन का? तो चपलेत सुई घालता घालता म्हणाला, "मैंने भी यही पूछा. बोलीं, एक अभी का, एक बाद का."

मी तिथे त्याच्या पेटीवर थोडा वेळ बसलो. ती वाळत होती, सगळे तिच्याकडे बघत होते. मी वाळतोय हे माझ्या लक्षात आलं नाही, वर्षाच्याही नाही. ते तिने धाग्याने मोजलं. आणि ती नसताना मी कुठवर वाळेन, तेही मोजून ठेवलं, बोलली मात्र नाही. बोलली असती तर मी परत काहीतरी तोंड टाकलं असतं.

पट्टा खरंच चावतो. मनगटाच्या हाडाजवळ लाल रेघ उठते. महिना व्हायचा आहे अजून, ती म्हणाली होती तसा बसेल. दुसरा पट्टा घेऊन आलोय, पाठ बघून, दुमडून, जिभेला बोट लावून. दुकानदार यावेळी काही बोलला नाही. रविवारी पिन मीच दाबतो. तिसऱ्या खेपेला जमते. आकडा तिचाच आहे, त्याला एक केस अडकलेला होता तो मी काढला नाही.

जेवताना घड्याळ काढून ठेवतो, ताटापासून लांब. बक्कल माझ्याकडे तोंड करून असतं. एका भोकावर बक्कलची खूण पडायला लागलीय. त्याच्या पुढचं भोक कोरं आहे. तिचा बाकी सगळा अंदाज बरोबर निघाला, हा एक मला चुकवायचा आहे. मी त्या भोकाकडे बघतो आणि डब्यातली आणखी एक पोळी घेतो.